चाळणे आणि वाचणे

परीक्षांचे दिवस जवळ आले की जुळे सोलापुरातल्या अभ्यासिकांचे दिवे रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. ओळीने मांडलेल्या टेबलांवर कुणी ‘नीट’ची तयारी करत असतो, कुणी राज्यसेवेची, कुणी पोलीस भरतीची, तर कुणी बँकेच्या परीक्षेची. परीक्षा निरनिराळ्या असल्या तरी तक्रार एकच असते. वाचायचे खूप आहे आणि दिवस थोडे उरले आहेत. नेमका या तक्रारीवर आपल्याकडे उपाय आहे, असे सांगणारी ॲप्स आता कोणत्याही मोबाइलवर उतरवून घेता येतात. मिनिटाला सहाशे शब्द, आठशे शब्द, काही ठिकाणी थेट हजार शब्द वाचता येतील आणि समजण्यात काही कमी पडणार नाही, असे आश्वासन ती देतात.

या मोहाला हसण्याचे कारण नाही. वेळेची टंचाई खरी आहे. शेतकरी किंवा यंत्रमाग कामगाराच्या घरातून आलेला मुलगा महिन्याचे भाडे भरून खोलीत राहतो, तेव्हा त्याच्या वर्षातला प्रत्येक आठवडा घरच्यांच्या खिशातून गेलेला असतो. त्याला वेग हवा असेल तर त्यात चूक काय? प्रश्न वेगळा आहे. हा वेग मिळताना हातातून काय निसटते, याचा हिशेब त्याला कुणी दाखवलेला नसतो. तो हिशेब मांडण्याइतकी माहिती विज्ञानाकडे आज आहे.

ॲप नेमके काय करते?

वेगवाचनाचे वेड नवे नाही. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये वेगवाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात सरकवत नेणे, नजरेने एकेक शब्द न टिपता ओळींचे गट टिपणे, मनातल्या मनात उच्चार न करणे, मागे वळून न पाहणे, अशी त्यांची शिकवण होती. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही या पद्धतीचे धडे घेतले होते. आजची बरीच ॲप्स याच शिकवणीची मोबाइलवरची आवृत्ती आहेत. हाताच्या जागी पडद्यावर सरकणारी पट्टी आली, एवढाच फरक.

दुसरा प्रकार अधिक वेगळा आहे. त्यात पान नसतेच. पडद्याच्या मधोमध एकेक शब्द उमटतो आणि नाहीसा होतो. वाचणाऱ्याने नजर हलवायची नाही, शब्दच त्याच्यापुढे येत राहतात. प्रयोगशाळेत ही पद्धत कित्येक दशके वापरात आहे. २०१४ मध्ये ‘स्प्रिट्झ’ नावाच्या तंत्राने ती मोबाइलवर आणि घड्याळाच्या छोट्या पडद्यावर आणली. शब्दातले एक अक्षर तांबडे करून नजर तिथेच खिळवून ठेवायची, अशी ती कल्पना. नजर इकडून तिकडे नेण्यात वाया जाणारा वेळ वाचला की वेग आपोआप वाढेल, असा यामागचा तर्क. तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. डोळा प्रत्यक्षात कसा वाचतो हे पाहिले की त्यातली गफलत दिसते.

डोळा उड्या मारत वाचतो

वाचताना नजर ओळीवरून सरळ घसरत जाते, असे वाटते. तसे होत नाही. ती उड्या मारत जाते. हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील नेत्रवैद्य लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आले. प्रत्येक उडीनंतर नजर सेकंदाचा साधारण पाव भाग एका जागी थांबते आणि त्या थांब्यातच अक्षरे टिपली जातात. उडीला लागणारा वेळ मात्र अगदी थोडा असतो, सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग. म्हणजे नजर हलवण्यात फार वेळ वाया जातो, हे गृहीतच कच्चे आहे. खरा वेळ जातो तो शब्द ओळखण्यात आणि त्याचा अर्थ मागच्या शब्दांशी जोडण्यात. त्याच कामासाठी आपण वाचत असतो. शिवाय उडी चालू असतानाही मेंदूचे हे काम थांबलेले नसते.

‘एका नजरेत पूर्ण ओळ टिपा’ हा सल्लाही डोळ्याच्या रचनेशी जुळत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक इवलासा भाग असतो, त्यालाच बारीक अक्षरे स्वच्छ दिसतात. हात सरळ लांब धरला तर अंगठ्याच्या नखाएवढा भाग दिसतो, साधारण तेवढेच त्याचे क्षेत्र. त्याबाहेर दृष्टी झपाट्याने अंधुक होत जाते. हे पडताळून पाहायला यंत्र लागत नाही. याच मजकुरातल्या एखाद्या ओळीच्या मधल्या शब्दावर नजर रोखून ठेवावी आणि डोळे न हलवता ओळीच्या दोन्ही टोकांचे शब्द वाचून पाहावेत. तिथे काहीतरी काळे आहे हे दिसते, पण शब्द लागत नाही. सरावाने ही मर्यादा ओलांडता येत नाही, कारण ती सवयीची नसून दृष्टिपटलाची आहे.

मनातल्या मनात उच्चार करण्यावरही वेगवाचनवाल्यांचा राग असतो. ओठ हलवत वाचण्याची लहानपणीची सवय सुटणे चांगलेच. पण मनात उमटणारा आवाज ही खोड नव्हे. अवघड वाक्याचा पहिला भाग धरून ठेवायला आणि तो शेवटच्या क्रियापदाशी जोडायला तो आवाज मदत करतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येते. ‘दिले जावे’ की ‘दिले जाऊ नये’ हे तिथेच कळते. तोवर सगळे वाक्य मनात तोलून धरावे लागते.

मागे वळणारी नजर

वाचताना दर शंभर उड्यांपैकी दहा-पंधरा उड्या मागे जातात. वाचलेला शब्द पुन्हा पाहिला जातो. वेगवाचनाच्या शिकवणीत हा आळस किंवा एकाग्रतेचा अभाव मानला जातो आणि ॲपमध्ये तर मागे जायची सोयच नसते. शब्द गेला की गेला.

मागे जाणे खरेच निरुपयोगी असते का, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये तपासले. वाचकाची नजर एखाद्या शब्दावरून पुढे गेली की पडद्यावर तो शब्द झाकला जाईल, अशी व्यवस्था त्यांनी केली. मागे वळले तरी पाहायला काही उरत नव्हते. परिणाम स्वच्छ होता. समज खाली आली. अवघड वाक्यांत तर आलीच, साध्या वाक्यांतही आली. मागे वळणारी नजर ही मेंदूने स्वतःची चूक पकडल्याची खूण असते.

सोलापूरकरांना हे मागाच्या उदाहरणाने चटकन पटेल. धागा तुटला की माग थांबवायचा, धागा जोडायचा आणि मग पुढे जायचे. न थांबवता माग चालू ठेवला तर मीटर वाढतात, पण दोष पुढच्या सगळ्या कापडात उतरत जातो. वाचनातही एक दुवा सुटला की पुढची दहा वाक्ये नजरेखालून जातात, पण लागत नाहीत.

रुग्णालयात याची किंमत मोठी असू शकते. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट नावाचे औषध दिले जाते. त्याची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बहुतेक गोळ्या रोज घ्यायच्या असल्यामुळे चिठ्ठीवर घाईने नजर टाकणाऱ्याचे मन ‘आठवड्यातून’ हा शब्द गाळून तिथे ‘दिवसातून’ बसवते. रोज घेतलेले हेच औषध रक्तपेशींची निर्मिती दाबते, तोंडात व्रण आणते आणि जिवावरही बेतू शकते. अशा चुका जगभर नोंदल्या गेल्या आहेत. असे वाचणारा माणूस निरक्षर नसतो. उलट भराभर वाचायची सवय असलेला असतो. ओळखीच्या वाक्यात मेंदू पुढचा शब्द अंदाजाने भरतो, आणि वेग जितका जास्त तितका अंदाजाचा वाटा मोठा.

शब्द कोणत्या भाषेतले?

मिनिटाला अमुक शब्द, ही मोजणीही तपासून घ्यायला हवी. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनात वाचतो तेव्हा त्याचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरी वाचताना २६० शब्द असतो, असे त्यांना आढळले. मोठ्याने वाचताना तो १८३ वर येतो. तेव्हा जाहिरातीतले आठशे म्हणजे समजून वाचणाऱ्या सरासरी माणसाच्या तिप्पट.

हे आकडे इंग्रजीचे आहेत. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘विद्यार्थ्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी तीन-चार शब्द लागतात. म्हणून मराठी वाचताना मिनिटाला कमी शब्द झाले तर वाचणारा मंद ठरत नाही. एकेका शब्दात भरलेला मजकूरच जास्त असतो. लिपीचेही तसेच. रोमन अक्षरे एका रांगेत बसतात. देवनागरीत मात्रा वर जाते, उकार खाली येतो, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात नंतर असूनही लिहिताना अक्षराच्या आधी येते. सेकंदाच्या दहाव्या भागात ‘वैशिष्ट्यपूर्णतेच्या’ असा शब्द उमटून गेला तर किती जणांच्या हाती लागेल? इंग्रजीसाठी आखलेले माप डोळे झाकून मराठीला लावण्यात अर्थ नाही.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. हे शहर अनेक भाषांत बोलते. पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांत घरी तेलुगू असते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून आलेल्या अनेक घरांत कन्नड, काही वस्त्यांत उर्दू. मूल शाळेत मराठीतून शिकते आणि अकरावीला विज्ञान घेतले की एकदम इंग्रजी पुस्तकांसमोर बसते. दहावीपर्यंत भराभर वाचणारा मुलगा इथे अडखळू लागतो. आपले डोके चालेनासे झाले असे त्याला वाटते आणि तो वेगाचे ॲप उतरवून घेतो. त्याची अडचण डोळ्यांच्या वेगाची नसते, अनोळखी शब्दांची असते. अनोळखी शब्द दुप्पट वेगाने समोरून नेला तर तो दुप्पट अनोळखी राहतो. त्याला शब्दकोश हवा, त्या विषयाचे मराठीतले एखादे सोपे पुस्तक हवे आणि पहिले दोन-तीन महिने हळू वाचण्याची मुभा हवी. शब्द ओळखीचे झाले की वेग मागून येतो.

संशोधनाचा एकत्रित निकाल

वाचनाच्या मानसशास्त्रातले मोठे नाव असलेले कीथ रेनर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी वेगवाचनावरील सगळ्या पुराव्यांचा आढावा घेतला. रेनर यांच्या निधनानंतर, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वेग आणि समज यांच्यात देवघेव आहे. समज तेवढीच ठेवून वेग दुप्पट-तिप्पट करता येईल याची शक्यता फारच कमी. आणि वेग वाढवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे भाषेवरची पकड वाढवणे व भरपूर वाचणे, असा त्याचा निष्कर्ष आहे. २०१५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी स्प्रिट्झची तुलना नेहमीच्या वाचनाशी केली. मजकुरात शब्दशः काय सांगितले आहे याची समज घटली, पापण्यांची उघडझाप कमी झाली आणि डोळ्यांचा थकवा वाढला.

मग ॲप वापरणाऱ्यांना ‘मला सगळे समजले’ असे का वाटते? कारण बहुतेक वेळा चाचणीचा मजकूर सोपा आणि ओळखीचा असतो. त्यातला सारांश आधीच्या माहितीच्या जोरावर कळतो. समजल्याची भावना आणि समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांना फार उशिरा, बहुधा निकालाच्या दिवशी कळते.

मेंदूचीही एक अडचण आहे. एखादी महत्त्वाची गोष्ट मनात नोंदवली जात असते त्या वेळी, पुढच्या अर्ध्या सेकंदाच्या आत समोर आलेली दुसरी महत्त्वाची गोष्ट अनेकदा निसटते. डोळे उघडे असतात, पण लक्ष क्षणभर मिटलेले असते. हे १९९२ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. कागदावर वाचताना अशा जागी नजर आपोआप रेंगाळते. ॲपमध्ये तेवढ्यात चार-पाच शब्द निघून गेलेले असतात.

परीक्षेचे गणित

परीक्षेत तरी वेग कामाला येईल ना, असे पालक विचारतात. ‘नीट’मध्ये २०२५ पासून पुन्हा १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. समजा, एक प्रश्न साठ शब्दांचा आहे. मिनिटाला २४० शब्दांच्या वेगाने तो वाचायला पंधरा सेकंद लागतात. वेग दुप्पट केला तर सात-आठ सेकंद वाचतात. बरोबर उत्तराला चार गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ यातला ‘चुकीचे’ हा शब्द घाईत सुटला तर येणारे चार गेले आणि हातातला एक गेला. सात सेकंदांच्या बचतीसाठी पाच गुणांचा फरक. अशा दहा प्रश्नांत पन्नास गुण जातात आणि सरकारी महाविद्यालयाची जागा त्याहून कितीतरी कमी गुणांनी हुकते. मिनिटातला उरलेला वेळ विचार करायला असतो. तिथे लागणारा वेग विषयाच्या तयारीतून येतो, नजरेच्या पळापळीतून नव्हे.

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले आहे. आता चार पर्यायांतून ओळखून चालणार नाही. स्वतःच्या वाक्यांत मांडावे लागेल. नुसत्या नजरेखालून गेलेल्या पुस्तकाबद्दल दोन पाने लिहिता येत नाहीत.

याबाबतीत २००६ चा एक अमेरिकी प्रयोग प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून जे आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिले होते. याचा अर्थ असा की एकच धडा ॲपवर तीनदा भरकन पाहण्यापेक्षा एकदा नीट वाचून, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर लिहून काढणे जास्त टिकते. ज्याला खरेच वेळ वाचवायचा आहे त्याने तो इथे वाचवावा.

वेगाआधी तपासणी

सावकाश वाचणाऱ्या मुलाच्या हातात ॲप देण्याआधी काही साध्या गोष्टी पाहायला हव्यात. चष्म्याचा नंबर आहे का, असल्यास बदलला आहे का? दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र रोखताना त्रास होतो का? वाचताना ओळ सुटणे, शब्द दोन दिसणे, कपाळ दुखणे ही त्याची लक्षणे असू शकतात. रात्री झोप किती होते? पाच तास झोपणाऱ्याला सकाळी एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो, यात नवल नाही. मन उदास किंवा सतत धास्तावलेले असले तरी अक्षरे डोळ्यांसमोर राहतात आणि अर्थ लागत नाही. लहानपणापासून अक्षरांची उलटापालट, अडखळत वाचणे आणि त्यामानाने बोलण्यात हुशारी असे चित्र असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी व्हावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ मिळू शकतो. अशा मुलाला वेगाच्या शर्यतीत उतरवणे म्हणजे त्याला दोनदा हरवणे होय.

मोठ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणे स्वाभाविक आहे आणि मधुमेहात रक्तातील साखर वरखाली झाली की नजरही बदलते. पण रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला अचानक अक्षरे दिसूनही वाचता येईनासे झाले, तर तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो. तेव्हा चष्म्याच्या दुकानात न जाता थेट रुग्णालय गाठावे.

कोरड्या डोळ्यांचा त्रास सोलापूरच्या हवेत वेगळा सांगायला नको. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि समोर मोबाइल. पापण्यांच्या उघडझापीने डोळ्यांवर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे पाहताना ही उघडझाप कमी होते. मिनिटाला सहाशे शब्द म्हणजे सेकंदाला दहा शब्द. एका उघडझापीला सेकंदाचा दहावा ते चौथा भाग लागतो, म्हणजे पापणी लवली की एक-दोन शब्द गेले. त्यामुळे ॲप वाचणारा नकळत पापणी लववायचेच टाळतो आणि मग चुरचुर, लाली, डोकेदुखी सुरू होते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट अंतरावर पाहण्याचा नियम सोपा आहे. पाळणारे थोडे.

कशासाठी वाचायचे, त्यावर वेग

तर ही ॲप्स काढूनच टाकावीत का? तसे नाही. छोट्या पडद्यावरचा संदेश, ओळखीच्या विषयातली बातमी, जुन्या टिपणांची उजळणी यासाठी ती चालतात. डोळ्याच्या मध्यभागाची दृष्टी गेलेल्या रुग्णांना मोठ्या अक्षरात एकेक शब्द दाखवण्याचे प्रयोगही झाले आहेत. तक्रार आहे ती चाळण्याला वाचणे म्हणून विकण्याबद्दल.

खरे तर मराठीने हा भेद कधीच केलेला आहे. आपण पुस्तक चाळतो, अर्ज डोळ्यांखालून घालतो, जाहिरातीवर नजर फिरवतो, कादंबरी वाचतो, धडा अभ्यासतो आणि पोथीचे पारायण करतो. प्रत्येक क्रियापदाचा वेग वेगळा आहे. गुरुचरित्राचे पारायण सात दिवसांत पुरे होते. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांतल्या एकाच ओवीवर निरूपणकार तासभर बोलतो. दोघांपैकी कुणीही चुकीचे करत नाही, कारण दोघांना आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. चाळणे हेही कौशल्य आहे. नवे पुस्तक हाती आल्यावर अनुक्रमणिका, मथळे, आकृत्या, प्रकरणाचा पहिला व शेवटचा परिच्छेद पाहून घेणे, कोणते प्रकरण आपल्या कामाचे ते ठरवणे आणि मग फक्त तेवढेच सावकाश वाचणे, यात जो वेळ वाचतो तो कोणत्याही ॲपपेक्षा जास्त आहे.

आपला योग्य वेग कोणता, हे घरच्या घरी ठरवता येते. माहितीपर मजकुराचे एक पान घ्यावे, घड्याळ लावून वाचावे, मिटून ठेवावे आणि त्यातले पाच मुद्दे आपल्या शब्दांत सांगावेत. चार-पाच मुद्दे आले तर वेग ठीक आहे, पुढच्या वेळी किंचित वाढवून पाहावा. दोनच आले तर वेग कमी करावा. अवघड अभ्यासासाठी छापील पान मिळत असेल तर तेच घ्यावे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांच्या आणि एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांच्या एकत्रित पाहणीत माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर अधिक समजल्याचे दिसले, आणि वेळेचे बंधन असताना हा फरक वाढला. घाईत कागद बरा, असा त्याचा सरळ अर्थ.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलासाठी एक उद्दिष्ट ठेवले आहे. त्याने मिनिटाला किमान साठ शब्द अचूक आणि अर्थ समजून वाचावेत. या वाक्यातला ‘अर्थ समजून’ हा भाग आठ वर्षांच्या मुलासाठी आपण आवश्यक मानतो आणि अठरा वर्षांच्या मुलाला ॲप देताना तोच विसरतो.

रात्री अभ्यासिकेतून घरी आलेल्या मुलाला जेवायला वाढताना बहुतेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो, ‘आज किती पानं झाली बाळा?’ या प्रश्नामुळे मुले पानांचा हिशेब देऊ लागतात आणि पाने भराभर उलटणारे साधन शोधू लागतात. त्याऐवजी ‘आज काय वाचलंस, सांग की जरा’ असे आईवडिलांनी विचारून पाहावे. विषय त्यांना कळला नाही तरी चालेल. मुलाला तो सांगता आला की वाचन झाले आणि सांगता आला नाही तर उद्या थोडे हळू वाचायचे, हे त्याचे त्यालाच कळेल.